शैवालाधारित श्वसनवायू व्यवस्था

शैवालाधारित श्वसनवायू व्यवस्था ही बंदिस्त जागेतील माणसाच्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड सूक्ष्मशैवालांकडून शोषून घेऊन त्याबदल्यात ऑक्सिजन मिळवण्याची पद्धत होय. अंतराळयान, पाण्याखालील निवास आणि लहान वैयक्तिक पाणबुड्या यांच्या संदर्भात तिचा विचार झाला आहे. यासाठी प्रामुख्याने क्लोरेला हे एकपेशीय हिरवे शैवाल आणि स्पिरुलिना या नावाने परिचित असलेले नीलहरित जीवाणू वापरले जातात.

== गरज ==

एका माणसाला दिवसाला सरासरी ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो आणि तो सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. दोन घनमीटर मोकळी जागा असलेल्या पाणबुडीत एकटा माणूस बसला, तर कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दर तासाला साधारण एक टक्क्याने वाढते. तीन तासांनंतर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून सुमारे १७ टक्क्यांपर्यंत उतरलेला असतो. मात्र तोपर्यंत कार्बन डायऑक्साइड तीन टक्क्यांवर पोहोचून धाप व डोकेदुखी सुरू होऊ शकते. दहा टक्क्यांच्या आसपास शुद्ध हरपते. त्यामुळे पाणबुडीत पहिला धोका ऑक्सिजनच्या कमतरतेचा नसून साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा असतो.

== कार्यपद्धती ==

पोषक क्षार मिसळलेल्या पाण्यात शैवाल वाढवून ते पारदर्शक नळ्यांत किंवा पातळ सपाट टाक्यांत ठेवतात. या उपकरणास फोटोबायोरिॲक्टर म्हणतात. कक्षातील हवा बुडबुड्यांच्या रूपाने त्यातून सोडली जाते. शैवाल दाट असल्याने प्रकाश आत फार खोल पोहोचत नाही. म्हणून टाकीच्या आकारमानापेक्षा प्रकाशित पृष्ठभागाचे क्षेत्रफळ अधिक महत्त्वाचे ठरते. अंधारात शैवालही श्वसन करते आणि ऑक्सिजन वापरू लागते.

माणूस घेतो त्या ऑक्सिजनचे व सोडतो त्या कार्बन डायऑक्साइडचे गुणोत्तर शैवालाच्या गुणोत्तराशी जुळणे आवश्यक असते. शैवालास नत्र नायट्रेटच्या रूपात दिल्यास हे गुणोत्तर बरेच वेगळे पडते. युरियाच्या रूपात दिल्यास ते माणसाच्या गुणोत्तराच्या जवळ येते.

== इतिहास ==

मार्टिनस बायेरिंक यांनी १८९० मध्ये क्लोरेलाचे वर्णन केले. १९५० च्या दशकात अमेरिका व सोव्हिएत संघात अंतराळप्रवासासाठी त्यावर संशोधन सुरू झाले. १९६१ मध्ये सोव्हिएत वैद्यक-संशोधक येवगेनी शेपेलेव्ह यांनी क्लोरेलाशी जोडलेल्या बंद कक्षात एक दिवस काढला. क्रास्नोयार्स्क येथील बायोस-१ या प्रयोगात एका माणसासाठी सुमारे आठ चौरस मीटर प्रकाशित पृष्ठभाग लागला. त्यापुढील बायोस-३ या ३१५ घनमीटरच्या संकुलात तिघांचा गट १९७२-७३ मध्ये १८० दिवस राहिला. तेथे शैवालाच्या जोडीला गहू व भाजीपालाही वाढवला जात असे.

युरोपीय अंतराळ संस्थेचा मेलिसा प्रकल्प १९८९ मध्ये सुरू झाला. पाण्याखालील उदाहरण ऑस्ट्रेलियातील आहे: २००७ मध्ये लॉइड गॉडसन यांनी ऑल्बरीजवळील एका तळ्यात बुडवलेल्या पोलादी कक्षात बारा दिवस वास्तव्य केले. त्या कक्षात क्लोरेलाचे उपकरण बसवले होते.

== मर्यादा ==

ऊर्जेची गरज हा सर्वांत मोठा अडथळा आहे. प्रकाशाचे पाच टक्के रूपांतर गृहीत धरले, तर एका माणसाच्या ऑक्सिजनसाठी शैवालावर अखंड सुमारे पावणेतीन किलोवॉट प्रकाश पडावा लागतो; दिव्यांतील नुकसान यात धरलेले नाही. तेवढाच ऑक्सिजन पाण्याच्या विद्युतविघटनाने मिळवण्यास साधारण पाव किलोवॉट पुरतो. बॅटरीवर चालणाऱ्या लहान पाणबुडीत हा फरक निर्णायक ठरतो. शिवाय दररोज तयार होणारे सुमारे अर्धा किलो सुके शैवाल काढून टाकावे लागते. तापमान वाढल्यास अथवा इतर सूक्ष्मजीवांचा शिरकाव झाल्यास संपूर्ण शैवाल मरू शकते. तसे झाल्यास ऑक्सिजनचा पुरवठा तर थांबतोच. शिवाय कुजणाऱ्या शैवालामुळे उरलेला ऑक्सिजनही खर्च होऊ लागतो.

== पर्याय ==

लहान पाणबुड्यांत ऑक्सिजनच्या टाक्या आणि कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा लाइम वापरतात. मोठ्या अणुपाणबुड्यांत विद्युतविघटनाने ऑक्सिजन तयार करतात व कार्बन डायऑक्साइड मोनोइथेनॉलअमाइनच्या द्रावणात शोषला जातो. काही तासांच्या बुडीसाठी हे उपाय हलके व खात्रीचे आहेत. रसद पोहोचवणे कठीण असलेल्या दीर्घ मोहिमांत मात्र शैवालाचा लाभ दिसू लागतो. कारण ते हवेबरोबरच सांडपाण्यातील नत्र व स्फुरदही वापरते आणि त्यापासून खाद्य मिळू शकते.