वॉल्ट्झ, ऊर्मी आणि वळकटी

मराठीत हा शब्द लिहायची वेळ आली की प्रत्येकाचा हात वेगळा पडतो. कुणी वॉल्ट्झ लिहितो, कुणी वॉल्ट्ज, कुणी वाल्ट्झ. ल, ट आणि झ एकमेकांच्या खांद्यावर चढले की कुठलाही शब्द परका दिसणारच. इंग्रजीने तो जर्मनकडून उचलला आणि आपण इंग्रजीकडून. जर्मन माणूस 'वाल्त्सर' म्हणतो. फ्रेंचांनी त्याचे 'वाल्स' केले, पोर्तुगीजांनी 'वाल्सा', आणि पोर्तुगीजांबरोबर तो तेरेखोलच्या खाडीपलीकडे, गोव्यातल्या वाड्यांच्या दिवाणखान्यांत पोचला.

'वाल्सा' मोठ्याने म्हणून पाहावे. देवगडहून कुणकेश्वरला निघालेला माणूस खाडीला आणि डोंगराला जो वळसा घालतो, तो वळसा लगेच कानाशी येतो. अर्थही जुळतो. वाल्त्सर ज्या क्रियापदापासून आला, त्या 'वाल्त्सेन'चा अर्थ घरंगळणे, लोळणे, गरगर फिरणे. मग काय, आमच्याच वळशाची पोरं युरोपात जाऊन नाचू लागली, असे म्हणायला जीभ शिवशिवते. असे म्हणणारे लेख मी वाचले आहेत आणि मला त्यांचे वाईट वाटते, कारण शब्दांची खरी नाती त्या उत्साहात कायमची झाकली जातात.

नाते तपासायचे तर आधी तो 'स' बाजूला काढावा लागतो. तीन भाषांतले शब्द शेजारी ठेवू. संस्कृत द्वि, इंग्रजी टू, जर्मन त्स्वाय. संस्कृत दंत, इंग्रजी टूथ, जर्मन त्सान. संस्कृत दश, इंग्रजी टेन, जर्मन त्सेन. आपल्याकडे जिथे द टिकला तिथे इंग्रजीत ट झाला आणि जर्मनने त्या टचा त्स केला. याच नियमाने वाल्त्सरमधला त्स फार मागे द होता. गडबडा लोळणे या अर्थाचा इंग्रजीतला 'वेल्टर' हा त्याचा टकारवाला भाऊ. म्हणजे वळसा आणि वाल्सा यांच्यात जे सगळ्यांत आधी कानात भरते, ते शेवटचे 'सा', निव्वळ योगायोग आहे. मराठीतला 'सा' कुठल्याही जर्मन टपासून आलेला असणे शक्य नाही. नाते असलेच तर ते 'वल'मध्ये.

संस्कृत कोशांत 'वल्' धातू आहे, अर्थ वळणे. दोन स्वरांमधला एकटा ल मराठीत ळ होतो. फल-फळ, कमल-कमळ, तसे वलति-वळतो. या धातूने मराठीत केवढा संसार मांडला आहे! रस्ता वळतो, गुरे वळतात, लाडू वळतात, मूठ वळते, बोबडी वळते, मुलाला वळण लागते, वेताचे वळ उठतात, हातात वळे येते. मालवणी माणूस वाट सांगताना सहज म्हणून जातो, "हयसून वळलास काय देऊळ दिसतलाच." युरोपीय भाषांत फिरण्या-लोळण्याच्या अर्थाचे जे प्राचीन मूळ मानतात, त्याचेही रूप 'वेल्'. लॅटिन 'वोल्वेरे', गुंडाळणे, त्यातून गुंडाळीचा ग्रंथ म्हणून 'व्हॉल्यूम'. ग्रीक 'हेलिक्स', वेटोळे. आणि जर्मन वाल्त्सेन. जुन्या पंडितांनी वल् या धातूला याच पंगतीत बसवले.

या पंगतीला एक हरकतदार आहे आणि तो तगडा आहे. तमिळमध्ये 'वळै' म्हणजे वाकणे, आणि 'वळै' म्हणजेच बांगडी. कानडीत बांगडीला 'बळे' म्हणतात. द्राविडी भाषांमध्ये हे मूळ इतके खोल आणि इतके पसरलेले आहे की संस्कृतातले वलय दक्षिणेकडूनच आले असावे, असे मानणारे मोठे अभ्यासक आहेत. मला हे मत झटकून टाकण्यासारखे वाटत नाही. कोकणपट्टी आणि कानडी मुलूख यांची सोयरीक शतकांची आहे; आमच्या बोलीत तो ळ इतका घट्ट बसावा यामागे दोन्ही घरांचे पाणी असेल. वळणे या शब्दात उत्तरेचा धातू आणि दक्षिणेचा बाक एकत्र आले, असेच मी धरून चालतो. पण मग वॉल्ट्झशी रक्ताचे नाते सांगायला वळसा हा पक्का साक्षीदार उरत नाही.

पक्का साक्षीदार दुसरा आहे, आणि तो कुणकेश्वरच्या देवळाच्या पायरीवरून दिसतो. ऊर्मी. संस्कृत 'ऊर्मि' म्हणजे लाट. अवेस्तातला 'वरमि' आणि जर्मन 'वेल्ले', लाट, हे त्याचे भाऊबंद, आणि ही सगळी मंडळी त्याच फिरण्या-लोळण्याच्या 'वेल्'ची, म्हणजे वाल्त्सरच्याच घरची. इथे फारसा वाद नाही. लाट ही लोळत येणारी गोष्ट, म्हणून ती ऊर्मी. जोडीने गरगर फिरत पुढे जाणारा नाच, म्हणून तो वाल्त्सर. रुमानियाचा बँडमास्टर इव्हानोविची याने १८८० मध्ये 'डॅन्यूबच्या लाटा' या नावाचा वॉल्ट्झ रचला, तो जर्मन भाषेत 'डोनाउवेल्लेन' म्हणून गाजला. त्या नावातली लाट आणि ती रचना ज्या प्रकारची तो वॉल्ट्झ, दोन्ही शब्द एकाच मुळाचे.

गंमत अशी की जर्मनमध्ये 'वेल्ले' म्हणजे यंत्राचा फिरता दांडाही, आणि 'वाल्त्से' म्हणजे रूळ. मराठीत लाट म्हणजे समुद्राची लाट, आणि उसाच्या चरकात जे फिरते रूळ असतात त्यांनाही लाटाच म्हणतात. शिवाय पोळपाटावरचे लाटणे आहेच. लाट हा शब्द वेल्लेचा कोणी लागत नाही. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता समुद्र आणि रूळ एका शब्दात बांधले. मुळांच्या नात्याइतकीच मला ही दृष्टीची जुळणी मोलाची वाटते.

कुणकेश्वरात ही जुळणी समजावून द्यावी लागत नाही. देऊळ अगदी समुद्रावर आहे. परदेशी व्यापाऱ्याचे तारू वादळात सापडले, किनाऱ्यावरचा दिवा पाहून त्याने नवस बोलला आणि वाचल्यावर हे देऊळ बांधले, अशी कथा इथे सांगतात. नावाची कथा वेगळी: कणकीच्या, म्हणजे बांबूच्या, राईत सापडलेला देव तो कणकेश्वर, पुढे कुणकेश्वर. महाशिवरात्रीला गावोगावच्या देवस्वाऱ्या समुद्रस्नानाला येतात, आणि वाळूवर पालख्या व माणसे यांची एकच दाटी होते. ऊर्मीत देवही न्हातात. शंकराची प्रदक्षिणा मात्र पुरी वळशाची नसते. शाळुंकेचे पाणी जिथून बाहेर पडते ते सोमसूत्र ओलांडायचे नाही; तिथवर जायचे, मागे वळायचे, आल्या वाटेने फिरून पुन्हा दुसऱ्या बाजूने तिथवर यायचे. सुलटा फेर आणि उलटा फेर मिळून एक प्रदक्षिणा. वॉल्ट्झमध्येही उजवा आणि डावा असे दोन फेर असतात, आणि एकातून दुसऱ्यात जाताना मध्ये पावले बदलावी लागतात.

या किनाऱ्यावर वळणे हे हाताचेही काम आहे. अबोलीच्या फुलाला धड देठ नसतो, त्यामुळे सुईदोरा तिला मानवत नाही. केळीच्या सोपटाचा ओला धागा घ्यायचा, दोन-दोन फुले समोरासमोर धरायची, धाग्याचा एक वेढा त्यांच्या नाजूक दांड्यांभोवती टाकायचा आणि ओढून आवळायचा. की पुढची जोडी. बघता बघता वीतभर होते. याला गजरा म्हणत नाहीत, वळेसर म्हणतात. नारळाचा काथ्या हातावर घेऊन सुंभ वळतात तेव्हा दोन पेडांना आधी वेगवेगळा पीळ भरतात आणि मग त्या दोघांना एकमेकांभोवती उलट दिशेने वळू देतात. तो उलटा वळ असतो म्हणून सुंभ उसवत नाही. हे काम करणाऱ्या हातांना दोघांनी मिळून फिरण्याचे शास्त्र निराळे शिकवायला नको.

नाचाकडे वळू. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या खेड्यांतले फेराचे नाच शहरात आले. त्यांतल्या एकाचे नाव 'ड्रेअर', म्हणजेच फिरकी. गटेच्या 'वेर्थर' या १७७४ च्या कादंबरीत नायक-नायिका हा फेर नाचतात, आणि आपल्या प्रेयसीला दुसऱ्या कुणाबरोबर असे नाचू देणार नाही अशी शपथ त्याच्या मनात उठते. दरबारी मिन्युएटमध्ये बोटांची टोके लागली तरी पुरे असे. इथे पुरुषाचा हात बाईच्या कमरेला. लंडनच्या 'टाइम्स'ने जुलै १८१६ मध्ये या परदेशी नाचाला असभ्य ठरवून वाचकांना सावध केले. लोक रागावले ते मिठीवर, आणि नावात उरली ती गिरकी. मला हे नाव देणाऱ्या अनाम खेडुतांचे कौतुक वाटते. त्यांना त्या नाचात काय महत्त्वाचे ते नेमके कळले होते.

ठेका तीन मात्रांचा, पहिलीवर जोर. आपल्या माणसाला तो कानाने कळायला दादऱ्याची वाट सोपी: धा धिं ना, धा तिं ना. वॉल्ट्झचा पूर्ण फेर सहा पावलांत होतो, पहिल्या तीनांत पुरुष पुढे जातो, पुढच्या तीनांत मागे. म्हणजे दादऱ्याच्या एका आवर्तनाला एक गिरकी. भरीला पुढे, खालीला मागे. व्हिएन्नाच्या चालीत मिनिटाला अठ्ठावन-साठ वेळा हे तीन मोजले जातात, तेव्हा जोडपे मिनिटात सुमारे तीस गिरक्या घेते आणि तशीच गिरक्या घेत सगळ्या दालनाला वळसा घालते. इंग्लंडातला संथ वॉल्ट्झ याच्या निम्म्या लयीचा. व्हिएन्नाचे वादक दुसरी मात्रा किंचित आधी टाकतात. ती किंचित म्हणजे किती, हे स्वरलिपीत लिहिता येत नाही. गुरूच्या शेजारी बसून तबला शिकलेल्याला याचे नवल वाटणार नाही.

गोव्याने या पाहुण्याला जसेच्या तसे ठेवून घेतलेच, शिवाय त्याच्या शेजारी आपले काही उभे केले. सासष्टीच्या वाड्यांत एकोणिसाव्या शतकात मांडो घडला. लोटलीचे तोर्कातो द फिगेरेदो यांच्यासारख्या रचनाकारांनी तो पुढे नेला. लय सहाची, संथ. व्हायोलिनच्या जोडीला घुमट. स्त्रिया आणि पुरुष समोरासमोर ओळीत उभे राहतात, पंखा आणि रुमाल हलतो, ओळी जवळ येतात, दूर जातात. कमरेला हात नाही. वॉल्ट्झची मोजणी आणि हुरहूर मांडोने आपलीशी केली, धरणे सोडून दिले.

तेरेखोलच्या अलीकडे उलटे आहे. गणपतीत आमच्या बायका फुगडी घालतात तेव्हा धरण्यावरच सगळे चालते. हातांची अढी, चवडे चवड्यांना भिडलेले, अंगे मागे झोकलेली. एकीने हात सोडला तर दुसरी भिंतीवर. वेग जितका जास्त तितका समोरचीच्या वजनावर भरवसा जास्त, आणि वॉल्ट्झ शिकवणाराही हेच सांगतो: एकट्याच्या तोलावर ही गिरकी पेलत नाही.

'वाल्त्स' या शब्दाची आणखी एक वाट आहे, तिच्याकडे नाचाच्या नादात दुर्लक्ष होते. जर्मनीत सुतार-गवंड्यांचे उमेदवार काम शिकून झाले की तीन वर्षे आणि एक दिवस गाव सोडून मुलूखभर हिंडत, मिळेल तिथे काम करत. या भटकंतीला 'वाल्त्स' म्हणतात, आणि अजूनही काही तरुण काळा पोशाख चढवून तीवर निघतात. हा शब्द ऑस्ट्रेलियात पोचला असे मानतात. बँजो पॅटर्सनच्या १८९५ च्या प्रसिद्ध गाण्याच्या नावातले 'वॉल्ट्झिंग' नाचाचे नाही, पायपिटीचे आहे, आणि त्यातली मटिल्डा ही बाई नसून कामाच्या शोधात फिरणाऱ्या मजुराचे गुंडाळलेले अंथरूण आहे.

त्या अंथरुणाला मराठीत नेमका शब्द आहे: वळकटी. वळून, गुंडाळून बांधलेली ती वळकटी. मुंबईहून पणजीला जाणारी आगबोट देवगड, मालवण, वेंगुर्ल्याला थांबायची, आणि परतीच्या फेरीला याच बंदरांवरून गिरणीत नोकरी धरायला निघालेला चाकरमानी वळकटी काखोटीला मारून चढायचा. त्याच बोटीत पणजीहून चढलेला, व्हायोलिनची पेटी सांभाळणारा गोंयकार असायचा. मुंबईच्या क्लबांत आणि पुढे सिनेमाच्या वाद्यवृंदांत वॉल्ट्झ वाजवायला तो निघालेला. धक्क्यावर उतरल्यावर एक जायचा गिरणगावातल्या गावकीच्या खोलीत, दुसरा धोबीतलावाच्या कुडात. दोन्हीकडे गावच्या नावाने चालणारी, भिंतीलगत ट्रंका आणि वळकट्या रचलेली एकच मोठी खोली. जर्मन सुताराने दोघांच्याही प्रवासाला वाल्त्सच म्हटले असते.