खते आणि वह्या

माउली, तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्याची कथा आपण कीर्तनात नेहमी ऐकता. पण त्याआधी त्याच नदीत आणखी काही बुडाले होते.

महाराजांच्या घरी वडिलोपार्जित सावकारी होती. १६३० च्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मेली. महाराजांची थोरली पत्नीही गेली. पुढे भजनाच्या वाटेला लागताना त्यांनी कर्जाच्या खतांची वाटणी केली. धाकटे बंधू कान्होबा यांचा हिस्सा त्यांच्या हाती दिला आणि आपला हिस्सा इंद्रायणीत सोडला. ऋणको मोकळे झाले, धनकोही मोकळा झाला.

पुढे वाघोलीच्या रामेश्वरभटांचा रोष झाला आणि वह्या बुडाल्या. महाराज तेरा दिवस नदीकाठी शिळेवर बसले, असे परंपरा सांगते. वह्या तरल्या, रामेश्वरभट शरण आले. महाराजांनी त्यांना जवळ केले. ज्याने पैशाचे खत ठेवले नाही, तो अपराधाचे खत कशाला जपेल?

आपण तुकोबारायांची जी आरती म्हणतो, ती याच रामेश्वरभटांची. क्षमा झाली नसती, तर ही आरती आपल्याला लाभली नसती.

तेव्हा माउली, यंदा वारीला निघण्यापूर्वी मनातले एखादे जुने खत काढून पाहा, आणि सोडून द्या. रामकृष्णहरी.