शंकासुराची गोष्ट

मागच्या वर्षी मार्चमध्ये लेकीकडे फिनिक्सला गेले होते. ॲरिझोनाचं ते वाळवंट, वर्षाला पाऊस जेमतेम ७-८ इंच. अंगणात एका कोपऱ्यात नुसते वाळके खुंट दिसले. मी म्हटलं, "अगं, हे गेलं की!" लेक हसली, "आई, थांब जरा."

मेअखेरीस तिथे लाल-पिवळे तुरे डोलायला लागले. बघते तर आपला शंकासुर! तिकडच्या नर्सरीत त्याला 'रेड बर्ड ऑफ पॅराडाइज' म्हणतात. लागवड सोपी आहे. टणक बी थोडं घासून रात्रभर भिजवायचं. जागा भरपूर उन्हाची, पाण्याचा निचरा होणारी हवी. झाड रुजलं की पाणी अधूनमधून, पण मुळांपर्यंत पोचेल असं द्यायचं. हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीने फांद्या वाळतात, म्हणून वीत-दीड वीत ठेवून छाटायचं. ऊन तापलं की बुंध्यातून पुन्हा फुटतं.

हे झाड मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं. त्याची माहिती शोधताना एक निराळीच गोष्ट हाती लागली.

१६९९ साली मारिया सिबिला मेरियन ही चित्रकर्ती, वयाच्या ५२ व्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन ॲम्स्टरडॅमहून सुरिनामला गेली. ही डचांची वसाहत. तिथले किडे, फुलपाखरं, झाडं यांची चित्रं तिने काढली. आजारपणामुळे १७०१ मध्ये परतली आणि १७०५ मध्ये तिचा ग्रंथ निघाला. त्यात शंकासुराचं चित्र आहे. सोबत तिने लिहिलंय, की मालकांच्या छळाला कंटाळलेल्या गुलाम बायका या बियांनी गर्भ पाडत. आपलं मूल गुलाम होऊ नये म्हणून! हे त्या बायकांनीच तिला सांगितलं होतं.

झाड युरोपच्या बागांत पोचलं. ही माहिती मात्र तिथे रुजली नाही, असं इतिहासकार लाँडा शीबिंगर यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात दाखवलंय. झाडाच्या शास्त्रीय नावात आधी द प्वान्सी हा फ्रेंच गव्हर्नर आला, मग चेसाल्पिनो हा इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ. त्या बायकांची नावं कुठेच नाहीत.

आमच्या शाळेच्या कुंपणाला शंकासुर होता. वर्गात मी वसाहतींची सनावळी घोकून घेत होते आणि हा खिडकीबाहेर फुलत होता. असो.

शेंगा तडकल्या की बिया अंगणभर उडतात. नातीला बजावलं, "तोंडात घालायच्या नाहीत हं, विषारी असतात." बाकीचं ती मोठी झाली की सांगेन.