पोकेमॉन कार्ड घेताना, विकताना आणि बदलताना काय पाहावं?

मागच्या वर्षी मधल्या सुट्टीत सहावीतल्या एका मुलाने आपली नऊ पोकेमॉन कार्डं दिली आणि बदल्यात पंचवीस सोनेरी कार्डं घेतली. नऊच्या बदल्यात पंचवीस, म्हणून स्वारी खुश! त्याची नऊ कार्डं चाचांनी दुबईहून आणलेली, अस्सल होती. सोनेरी पंचवीस मात्र शाळेजवळच्या दुकानातली, नकली. दुसऱ्या दिवशी त्याच्या अम्मी शाळेत आल्या, तेव्हा खरं सांगायचं तर मलाही यातलं काही कळत नव्हतं. मग मी दुकानं फिरले, दुकानदारांना विचारलं, मुलांकडूनही शिकले. पालकांच्या उपयोगी पडावं म्हणून ते सगळं इथे मांडते आहे.

हा प्रकार काय आहे?

पोकेमॉन कार्डांचा खेळ १९९६ मध्ये जपानमध्ये सुरू झाला. इंग्रजी कार्डं १९९९ मध्ये अमेरिकेत आली. कार्डं बंद पाकिटात मिळतात, त्याला बूस्टर म्हणतात. आत कोणती कार्डं निघतील हे आधी कळत नाही. एकच कार्ड दोनदा येतं, हवं ते येत नाही, म्हणून अदलाबदल सुरू होते. अमेरिकेत यासाठी गल्लोगल्ली कार्डांची दुकानं आहेत. मुलं अल्बम घेऊन जातात, कार्डं विकतात, बदलतात, तिथेच बसून खेळतातही. आपल्याकडे अशी दुकानं मोठ्या शहरांत थोडीफार आहेत. बाकी ठिकाणी खेळण्यांचं किंवा स्टेशनरीचं दुकान हाच बाजार.

अस्सल की नकली?

१. चमकणारी, प्लॅस्टिकसारखी सोनेरी कार्डं गठ्ठ्याने स्वस्तात मिळत असतील तर ती नकली समजा.

२. अक्षरं वाचा. स्पेलिंगची चूक, फिकट किंवा जाड छपाई ही नकलीची खूण.

३. मागची निळी बाजू खात्रीच्या कार्डाशेजारी ठेवून पाहा. रंगातला फरक लगेच दिसतो.

४. इंग्रजी कार्डांची कड पूर्वी साधारण पिवळी असे. २०२३ पासूनच्या नव्या मालिकांमध्ये ती राखाडी आहे. नवं कार्ड आणि पिवळी कड असेल तर चौकशी करा.

५. मोबाइलची बॅटरी मागे धरा. अस्सल कार्डाच्या पोटात गडद थर असतो, त्यामुळे उजेड कमी येतो. नकलीतून तो सहसा आरपार दिसतो. पण एकाच खुणेवर निकाल देऊ नका, दोन-तीन खुणा जुळवून पाहा.

किंमत कशावरून ठरते?

कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात क्रमांक आणि छोटं चिन्ह असतं. गोल म्हणजे सर्वसाधारण, चौकट म्हणजे थोडं कमी मिळणारं, चांदणी म्हणजे दुर्मीळ. क्रमांक १९९/१६५ असा असेल, म्हणजे पहिला आकडा दुसऱ्याहून मोठा असेल, तर ते कार्ड ठरलेल्या संचाबाहेरचं, जास्त दुर्मीळ असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे कार्डाची हालत. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मध्यभागी आहे का, या चार गोष्टी पाहतात. अमेरिकेतली पीएसए ही कंपनी कार्ड तपासून १ ते १० असा दर्जा देते. तेच कार्ड १० दर्जाचं असेल आणि दुमडलेलं असेल, तर किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून कार्डाला रबर बँड लावू नका, पातळ प्लॅस्टिकच्या कव्हरात ठेवा. जुनं ते सगळंच महाग, असंही नसतं.

विकताना

इंटरनेटवर कोणी काय किंमत मागतो ते सोडा, कार्ड प्रत्यक्षात कितीला विकलं गेलं ते पाहा. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव वेगळे बघता येतात.

दुकानदार पूर्ण भाव देणार नाही. समजा तो एखादं कार्ड १००० रुपयांना विकू शकतो, तर रोख साधारण ५०० ते ६५० देईल. त्याला भाडं आहे, ते कार्ड महिनोन् महिने पडून राहू शकतं. ही लुबाडणूक नाही, धंदा आहे. रोख रकमेऐवजी त्याच दुकानातला माल घेतला तर बहुतेक जण थोडा जास्त भाव देतात. मात्र सगळा अल्बम उक्ता विकू नका. आधी चांदणीवाली कार्डं बाजूला काढा.

अदलाबदल करताना

नग मोजू नका, भाव मोजा. दोघांच्याही कार्डांचा भाव एकाच ठिकाणी पाहा. आपल्या कार्डाचा कोपरा दुमडला असेल, ओरखडा असेल, तर समोरच्याला आधी सांगा. मालातला ऐब लपवून विकू नये हे आपण मुलांना घरात शिकवतोच, ते इथेही लागू आहे. महागडं कार्ड घरी विचारल्याशिवाय द्यायचं नाही, आणि मोठ्या मुलाने लहानाशी सौदा करायचा तर मध्ये कोणी वडीलधारं हवं.

पाकीट की सुटं कार्ड?

एखादं ठरावीक कार्डच हवं असेल तर ते सुटं विकत घ्या. पाकिटामागून पाकीट फोडत बसलं की कार्डाच्या किमतीपेक्षा जास्त पैसे जातात. काही पालक विचारतात, हा जुगार तर नाही ना? तो मसला जाणकार उलेमांना विचारावा. हिशोबाची बाब मात्र साफ आहे: पाकिटात पैसे वसूल होतीलच या आशेवर मुलांचा जेबखर्च जाऊ देऊ नये.

आमच्या त्या विद्यार्थ्याला नऊपैकी सात कार्डं परत मिळाली, दोन तोवर पुढे कुणाकडे तरी गेली होती. घेणारा मुलगाही लबाड नव्हता. सोनेरी कार्डं नकली आहेत हे त्यालाही माहीत नव्हतं. आता आमच्या वर्गात नियम आहे की आज ठरलेला सौदा उद्या, घरी दाखवून झाल्यावरच पक्का होतो.