झथुरा (दस्तऐवज-दर्शक)
लिनक्ससारख्या प्रणालींवर पीडीएफ व अन्य दस्तऐवज वाचण्याचा, मुख्यतः कळफलकावर चालणारा मुक्तस्रोत प्रोग्रॅम. ‘जे’ व ‘के’ या कळांनी मजकूर खाली-वर सरकतो. शिफ्टसह दाबल्यास पुढचे-मागचे पान येते. ‘जे’-‘के’ने सरकण्याची रीत बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास लिहिलेल्या ‘व्हीआय’ संपादकाची. त्यांच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण याच कळांवर छापलेले होते, एवढेच तिचे कारण. ‘एस’ने पान रुंदीत बसते, टॅबने अनुक्रमणिका उघडते. ‘झथुराआरसी’ या साध्या मजकूर-फाइलीत ‘मॅप’पुढे कळ व क्रिया लिहून शॉर्टकट बदलतात, ‘अनमॅप’ने नकोसा काढतात. सेटिंगची खिडकीच नसल्याने नवख्याला हे जाचते. केडीईच्या ‘ओक्युलर’ या दस्तऐवज-दर्शकात ती आहे. तेथे एकच शॉर्टकट दोन क्रियांना दिल्यास इशाराही मिळतो.