डोरोथीची अट

१८०५ साली मराठीचं व्याकरण छापणाऱ्या विल्यम केरींचं नाव पुस्तकांत येतं. त्यांच्या बायकोचं, डोरोथीचं, क्वचितच. लग्नाच्या नोंदवहीत तिनं सहीऐवजी फुली मारलेली.

१७९३ मध्ये नवरा धर्मप्रसारासाठी इंग्लंडहून बंगालला निघाला, तेव्हा ती गरोदर होती. तिनं सरळ नाही म्हटलं. तो थोरल्याला घेऊन निघाला, पण परवान्यावाचून जहाजावरून उतरावं लागलं. तोवर ही बाळंत झालेली. पुन्हा मनधरणी झाली. मग तिनं अट घातली, बहीण किटी सोबत हवी! आम्हाला ही अट फार शहाणपणाची वाटते. परक्या मुलखात बाईला आपलं माणूस लागतंच.

घाईघाईनं बांधाबांध झाली. तान्ह्या जाबेझसह चार मुलं घेऊन १३ जूनला जहाज सुटलं. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये छोटा पीटर गेला. डोरोथीचं मन मग बिघडतच गेलं. १८०७ मध्ये ती सेरामपूरला वारली. माहेर पुन्हा दिसलं नाही.