साडीतील मरिया आणि तिचा चित्रकार

कलावंत जन्माला येतो हे खरे. परंतु तो टिकतो आश्रयाच्या बळावर. आन्जेलो द फोन्सेका यांचे जीवन याची साक्ष देते.

१९०२ साली गोव्यात जन्मलेल्या या कॅथलिक तरुणाने मुंबईच्या कलाशाळेतील पाश्चात्य वळण सोडले आणि बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांचे शिष्यत्व पत्करले. गोव्यात परतल्यावर त्यांनी साडी नेसलेली मरियामाता रंगविली आणि स्वकीयांचाच रोष ओढवून घेतला. अखेर त्यांनी गोवा सोडला.

त्यांना आसरा मिळाला तो पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. हा आश्रम अँग्लिकन पंथीयांचा होता, हे विशेष! मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय इतिहासकार फादर हेन्री हेरास यांनीही त्यांना उत्तेजन दिले. या आधारावर त्यांची कुंचली अखेरपर्यंत चालत राहिली.

१९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सर्व वंशांच्या व देशांच्या कलेला उपासनेत मोकळे स्थान दिले. १९६७ मध्ये फोन्सेका निवर्तले. ख्रिस्तसभेने जे मान्य केले, ते या चित्रकाराने कितीतरी आधी रंगविले होते.

अजिंठ्याचा वारसा लाभलेल्या मराठवाड्यात, जालना जिल्ह्यातील जाफराबादसारख्या गावीही, एखादे मूल वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढीत असेल. आईवडिलांनी ती वही हिसकावून घेण्यापूर्वी एकदा नीट पाहावी. फोन्सेकांना घरापासून दूर जाऊन जो आधार शोधावा लागला, तो आपल्या मुलांना घरातच का मिळू नये?